इश्माएलच्या आठ मुलांचा क्रम

हर्षा गायकवाड जर्मनीतल्या बाड हॉम्बुर्गच्या खासगी तपास-कचेरीत आली, ती एक छापील तक्ता घेऊन. तक्ता तिचा होता. खाली नाव मात्र तिच्या संशोधन संस्थेतल्या डॉक्टर ल्युडर्स यांचं होतं.

कचेरी चालवणाऱ्या विभावरी करंदीकरांनी तो टेबलावर पसरला. त्यांचे यजमान पद्माकरराव निवृत्तीनंतर बायकोची गाडी चालवत आणि टिपणं घेत. त्यांनी वही उघडली.

अब्राहामाचा मुलगा इश्माएल, आणि त्याच्या बारा मुलांपासून अरबांच्या टोळ्या, असं बायबलची वंशावळ सांगते. त्यांतल्या आठ नावांचा माग हर्षाने चार वर्षं शिलालेखांत आणि वाळवंटातल्या शहरांत काढला होता. पद्माकररावांनी ती तक्त्यावरून उतरवली: अदबेल, केदार, तेमा, दुमा, नबायोथ, मस्सा, यतूर, हदद.

हर्षाची कच्ची वही जानेवारीत संस्थेतल्या कपाटातून चोरीला गेली होती. उलट तिनेच ल्युडर्सची नक्कल केली, असा आरोप होता. मंगळवारी संचालकांपुढे निर्णय. तो विरुद्ध गेला तर नोकरीही जाणार होती.

दुसऱ्या दिवशी दोघं संस्थेत गेले. ग्रंथपाल श्टोल्त्सबाईंनी कबूल केलं की कपाटाची किल्ली त्यांच्याकडेच असते. जानेवारीत ल्युडर्सनी शब्दकोशासाठी ती एकदा नेली होती. पद्माकररावांचा संशय बाईंवरच बसला.

ल्युडर्स शांत होते. हर्षा यायच्या आधी, नव्याण्णव सालीच, आपण हा तक्ता केला, असं त्यांनी सांगितलं. विभावरीताईंनी विचारलं, नावं कोणत्या क्रमाने लावलीत?

"जन्मक्रमाने. बायबलमध्ये आहेत तशी."

परतताना ताईंनी बायबल विकत घेतलं. पद्माकररावांना कारण कळलं नाही.

मंगळवारी संचालकांच्या खोलीत ताईंनी ते पुस्तक उघडून पुढे सरकवलं. "इथे थोरला नबायोथ आहे. तक्त्यात तो पाचवा."

ल्युडर्स म्हणाले, मग अक्षरक्रमाने असतील.

"कोणत्या अक्षरांच्या? जर्मनमध्ये दुमा केदारच्या आधी येतो. हिब्रूमध्येही, अरबीतही. इथे केदार आधी आहे." त्या हर्षाकडे वळल्या. "फळ्यावर मुळाक्षरं लिहा. आपली."

हर्षाने लिहिली. अ, मग क, त, द, न, म, य, ह यांवर ताईंनी उच्चार सांगत एकेक गोल केला. संचालकांनी तक्त्यावरची नावं एकेक करून वाचली आणि प्रत्येक गोलापाशी थांबले.

"गेनाऊ. अगदी बरोबर," ते हळूच म्हणाले.

"डॉक्टरसाहेबांना मराठी येत नाही," ताई म्हणाल्या. "ही यादी लिहिणाऱ्याच्या हाताला तीच सवय होती. इतकी, की तो क्रम आहे हे हर्षालाही जाणवलं नाही. यांनी वही नेली आणि यादी जशीच्या तशी उतरवली."

ल्युडर्सनी बॅगेतून हर्षाची निळी वही काढून टेबलावर ठेवली.

पद्माकररावांनी बायकोकडे पाहिलं. पस्तीस वर्षं संसार केला, पण आज त्यांची मान आपोआप ताठ झाली.

संचालकांनी ल्युडर्सचं नाव खोडलं, हर्षाची माफी मागितली आणि नव्या छपाईसाठी तिचं पूर्ण नाव विचारलं. तिने कागद ओढून घेतला आणि लिहिलं: हर्षा द्रौपदी विठ्ठल गायकवाड.

द्रौपदी कोण, असं त्यांनी विचारलं.

"माझी आई," हर्षा म्हणाली. "शाळेत झाडू मारायची. खिडकीतून ऐकून ही अक्षरं ती आधी शिकली, मग मला शिकवली. वंशावळीत तिचं नाव हवं."