टेबलावरच्या तोफेचा नेम

"आले! हे आले!" गंगासागर ओरडली आणि कॉम्प्युटर क्लासच्या फरशीवर मटकन बसली.

टेबलावरची खेळण्यातली तोफ आपोआप वळली होती. तिची स्पंजची गोळी गंगासागरच्या कपाळाला लागून खाली पडली. दोन वाजून दहा मिनिटं. दीड महिन्यापूर्वी तिचा नवरा विश्वेश्वर नेमका याच वेळेला गेला होता.

यूएसबीच्या वायरीने कॉम्प्युटरला जोडलेली ही तोफ त्यानेच पुण्याहून आणली होती. रोज पाचला लेकीला तिची सलामी मिळायची. तो गेला आणि तोफ मुकी झाली. या सोमवारपासून मात्र ती दोन दहाला उडू लागली. वहिनीला वेड लागलंय, असं दीर बसवेश्वरने आष्टीभर सांगून टाकलं. चार वाजता तिला वेड्यांच्या दवाखान्यात न्यायला जीप येणार होती. सहा वर्षांची ईश्वरी आणि हमरस्त्यावरची ही जागा तो सांभाळणार होता. मोठा काळजीवाहू माणूस!

क्लासमध्ये शिकवणाऱ्या रुद्राणीने वायरमन शहादेवला बोलावलं. त्याने वायर पाहिली. मग पडद्यावरचं घड्याळ मनगटावरच्याशी ताडून पाहिलं. दोन्ही बरोबर होती.

"लाईट कवा आली?"

"एकला. धा ते एक भारनियमन असतं," रुद्राणी म्हणाली.

"मग हितं कोण असतं?"

"मी डबा खाते. बसवेश्वरकाका पेपर वाचतात. गंगासागरकाकू मागच्या घरात जेवतात, दोनला हितं येऊन बसतात."

"तोफ कुण्या दिवशी गप बसली?"

"काल, गुरुवारी. मी हितंच होते. काका लग्नाला मांजरसुंब्याला गेलते."

दारात उभा बसवेश्वर उखडला. "तू वायरी बघ बे! कॉम्प्युटर ह्या पोरीला येतो. मला माऊससुदा धरता येत न्हाई."

शहादेवने मेन स्विच पाडला, पुन्हा चढवला. कॉम्प्युटर चालू झाला. घड्याळात रात्रीचे बारा, तारीख एक जानेवारी.

"आतला सेल मेलाय. लाईट गेली की घड्याळ पुसतंय. विश्वेश्वरभाऊ रोज लावत असतील, ते गेल्यावर कुणी लावलं न्हाई, म्हून तोफ गप झाली. तरी आज टाईम बरोबर हुता. एकनंतर कुणीतरी लावला."

रुद्राणीने तोफ चालवणारी फाईल शोधून काढली. तोफेसोबतची सीडी क्लासच्या कॉम्प्युटरमधल्या लिनक्स प्रणालीवर चालत नव्हती, म्हणून विश्वेश्वरने नेटवरून फुकटचा ओपन सोर्स प्रोग्राम उतरवला होता. कुणीही वाचावा, बदलावा असा. लेकीसाठी त्यात त्याने पाचची वेळ घातली होती. तिथे आता दोन दहा होते.

शहादेव बसवेश्वरकडे वळला. "काल रुद्राणी हितं हुती, पण घड्याळ कुणी लावलं न्हाई. लावणारा मांजरसुंब्यात हुता. लेकराच्या खेळण्यात तुमी भावाच्या मरणाचा टाईम घातला."

बसवेश्वरने खांदे उडवले. "त्यानंच शिकवलं मला. अन् बाईमाणसाला हमरस्त्यावरची जागा कशाला पायजे?"

जीप आली. रुद्राणीने ती दारातूनच परत धाडली.

गंगासागर उठली. "म्हंजी, हे आलेच नवते?"

"न्हाई, ताई."

"चार दिस मी त्यास्नी बोलत बसले. जेवलात का, इचारलं." दिराकडे तिने पाहिलंही नाही. शहादेवची बाही तिने घट्ट धरली.

"कशाला सांगितलं ओ तुमी?"