आतून पुसलेली काच

आपल्या कामावर कुणी बोट ठेवलेलं वहिनींना मुळीच खपत नसे. नवरा गेल्यापासून त्या आणि त्यांची नणंद अशा दोघीच तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात राहत. नणंद दवाखान्यातली नर्स, आता निवृत्त झालेली. वहिनी शुभेच्छापत्रं बनवत. जाड कार्डाला खिडकीच्या आकाराचं भोक पाडायचं, त्यात पारदर्शक शीट बसवायची आणि त्या शीटवर रंगीत काचेची खिडकी उभी करायची. गोंदात काळा रंग कालवून त्याची जाड रेघ ओढली, की ती वाळल्यावर थेट शिशाच्या पट्टीसारखी दिसे. मग मधल्या चौकटींत काचेवरचे रंग भरायचे. कार्ड उजेडाला धरलं की टेबलावर लाल-निळे ठिपके सांडत. रंगाला नख लागू नये म्हणून वहिनी वरून दुसरी शीट डकवत आणि चारही कडा बंद करत. "एकदा रंग आत गेला की गेला, हात लावायची सोय नाही," असं त्या तोऱ्यात सांगत.

म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानदाराने एक कार्ड गल्ल्यावरून परत त्यांच्याकडे सरकवलं, तेव्हा त्यांचा पाराच चढला.

"गिऱ्हाईक परत देऊन गेलं. एका चौकटीत रंग राहिलाय म्हणे."

"माझ्या हातून? राहिलाय?"

रंग राहिला नव्हता. हिरव्या चौकटीत मधोमध गोल जागा पुसलेली होती. वाफ धरलेली काच बोटाने पुसून बाहेर बघावं, तशी. पुसलेला रंग कडेला साचून जाड झाला होता. वरची शीट मात्र धड होती आणि कडाही जशाच्या तशा बंद होत्या.

"तुमच्याकडे कपाटावर ऊन येतं. त्यानं झालं असणार."

"ऊन असं गोल पुसतं का, वहिनी?" दुकानदार म्हणाला. तो हसला नाही, पण वहिनींना तो हसल्यासारखाच वाटला.

घरी येऊन त्यांनी फडताळावरची तयार कार्डं काढली. एकेक उजेडाला धरलं. प्रत्येकात कुठली तरी एक चौकट पुसलेली होती. त्यांचे कान तापले. कार्डं हातात घेऊन त्या सरळ नणंदेच्या खोलीत गेल्या.

"वन्सं, हा काय पोरकटपणा?"

नणंदेने चष्मा लावून कार्ड उलटसुलट केलं. "हे मी केलं म्हणता? तुमच्या रंगांच्या वासानं माझं डोकं उठतं म्हणून मी दार लावून बसते."

"मग घरात तिसरं कोण आहे?"

"ते मला काय माहीत?" नणंदेने कार्ड परत त्यांच्या हातात दिलं. "सगळ्या वॉर्डाची औषधं आयुष्यभर माझ्या ताब्यात होती. एक गोळी कधी इकडची तिकडे झाली नाही. आणि आता माझ्यावर आळ घेता? तेही या कागदांसाठी?"

"कागद नाहीत ते," वहिनी म्हणाल्या.

त्या शब्दाने उरलंसुरलंही बिनसलं. नणंदेने बॅग भरली आणि ती भाचीकडे निघून गेली. जाताना दार आपटलं असतं तर वहिनींना बरं वाटलं असतं. पण तिने ते हळूच ओढून घेतलं.

नंतर केलेली कार्डंही पुसली गेली.

वहिनींनी एक कार्ड सुरीने उकललं. दोन शीटांच्या मधला रंग टणक वाळला होता, नखाने खरवडूनही निघेना. तरी कुणीतरी तो ओल्या रंगासारखा पुसला होता, आणि तेही बंद कडांच्या आतून. दुसरी कुणी असती तर तिथेच घाबरली असती. वहिनींचा मात्र संताप झाला. एवढं जीव ओतून काम करायचं, आणि कुणी यावं, बोट फिरवून जावं?

मग त्यांच्या आणखी एक गोष्ट ध्यानात आली. फडताळावरच्या कार्डांत खालची चौकट पुसली जाई. जमिनीवर भिंतीला टेकवून ठेवलेल्या कार्डांत वरची. डावीकडच्यांत उजवी, उजवीकडच्यांत डावी. त्यांनी एकेका कार्डाच्या मागून पुसलेल्या जागेला डोळा लावून पाहिला. प्रत्येकातून त्यांची बसायची खुर्ची दिसत होती.

दुपारी त्यांनी नवं कार्ड बंद केलं, टेबलावर समोर उभं केलं आणि हाताची घडी घालून बसल्या.

बराच वेळ काहीच झालं नाही. बाहेर कुणीतरी गाडी धूत होतं, बादलीचा आवाज येत होता.

मग लाल चौकट मध्यावर फिकी झाली. रंग कडेला सरकू लागला, सावकाश, गोल गोल. ओल्या काचेवर बोट फिरवल्यावर येतो तसा बारीक आवाज आला.

वहिनी ताडकन उठल्या.

"लाज नाही वाटत? दुसऱ्याच्या घरात डोकावता, केलेलं काम नासवता! माझ्या घरातलं माणूस तुमच्यापायी रुसून गेलं. यायचं असेल तर सरळ आत या. हे असं चोरून बघायचं बंद करा."

आवाज थांबला.

सकाळी पाहतात तर सगळ्या कार्डांतल्या पुसलेल्या जागा भरलेल्या होत्या. रंग एकसारखा, कुठे ओघळ नाही की बुडबुडा नाही. वहिनींना इतका सफाईदार कधी जमला नव्हता, याचाही त्यांना रागच आला. पण त्यानंतर एकही चौकट पुसली गेली नाही. आपण चांगलं खडसावलं, असं त्यांनी स्वतःशीच म्हटलं.

एक बारीकसा त्रास तेवढा उरला. टेबलाच्या पलीकडची खुर्ची सारखी बाहेर ओढलेली असे. वहिनी ती आत ढकलत. पाणी पिऊन येईपर्यंत ती पुन्हा बाहेर. फरशीला उतार असेल म्हणून त्यांनी तिच्या पायाखाली पुठ्ठा घातला.

नणंदेला फोन करायला त्यांना जड गेलं, पण केला.

"वन्सं, मी उगाच बोलले. या परत."

"कोण करत होतं ते सापडलं का?" नणंदेने घुश्शातच विचारलं.

"थांबलंय आता."

नणंद दुपारी आली. तिच्याजवळ तिची किल्ली होती. वहिनी टेबलाशी निळा रंग भरत होत्या. कुलूप फिरल्याचा आवाज ऐकून त्यांनी मान वर केली. दार पुरतं उघडलं, पण नणंद आत येईना.

ती उंबऱ्याशी थबकली होती. तिने बॅग पोटाशी घेतली, अंग चोरून भिंतीला लागली आणि एका हाताने दार उघडं धरलं. समोरून कुणी येत असलं की माणूस जसं धरतं, तसं. क्षणभर तिने मान किंचित लववली. मग जिन्याकडे वळून पाहिलं, थोडं थांबली आणि आत आली.

"काय हे, वहिनी," चप्पल काढता काढता ती नाराजीने म्हणाली. "घरातून माणूस निघालंय, आणि तुम्ही जागच्या उठतही नाही?"