बागेची माती माळवदावर

मी संपतला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो माझ्या घराच्या छपरावर उभा होता.

मोठ्या दुष्काळानंतरचं तिसरं वर्ष. वैशाखातली दुपार. परीक्षेचे पेपर तपासून मी जालन्याहून एस.टी.नं जाफराबादला परतले होते. हातात पिशवी, पिशवीत ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं मोसंबीचं कलम. फाटक उघडलं आणि वरून धूळ आली – थेट डोळ्यांत.

"अहो! कोण तुम्ही? वर काय चाललंय?"

पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला एक माणूस माळवदाच्या कडेला आला. हातात फावडं, भुवयांवर पांढरी धूळ.

"माती टाकून राह्यलो, बाई. तुम्हीच सांगितल्ती न?"

"मी बागेसाठी सांगितली होती!"

त्यानं अंगण पाहिलं. मुरूम, दगड आणि मी स्वतः खणलेला एक खड्डा.

"बाग कुठंय?"

"ती मातीनंतर येते!"

पुढे मला कळलं की चूक एकट्या त्याची नव्हती. माळवदाचं घर असलेल्या माणसानं वैशाखात माती मागवली, तर ती कशाला हे आमच्याकडे कुणी विचारत नाही. पावसाळ्याआधी छपरावर चिकट पांढऱ्या मातीचा थर द्यायचा, हे ठरलेलं. शेजारच्या गिरिजाबाईंजवळ मी निरोप ठेवला होता – एक गाडी चांगली माती, जरा लवकर. संपतनं खरोखरच चांगली माती आणली होती.

"बिलकुल थेंब जाणार न्हाई खाली," तो अभिमानानं म्हणाला. "अन् गवताचं पातं बी उगवायचं न्हाई हिच्यात!"

मी कपाळावर हात मारून घेतला.

हे घर मी माझ्या पगारातून घेतलेलं. त्याआधी प्रत्येक भाड्याच्या घरी झाडं लावली आणि प्रत्येक बदलीत ती मागे सोडली. हे कलम वेगळं होतं. परभणीला एका शिबिरात जंबेरीच्या खोडावर मोसंबीचा डोळा, म्हणजे सालीसकट काढलेला अंकुर, मी माझ्या हातानं बांधला होता. जंबेरी म्हणजे रानटी लिंबू – मूळ चिवट, फळ आंबट. तो डोळा जगला होता. हे झाड तरी मला मागे सोडायचं नव्हतं.

म्हणून त्या माणसाला खाली बोलावून मी शांतपणे शिकवलं. नदीकाठचा पोयटा हवा. मूठभर ओली माती दाबली की गोळा व्हावा, बोटानं टोचलं की फुटावा.

"म्हंजे धरून बी राहावी अन् हट्टी बी नसावी?"

"बरोबर."

"अवघड हाय…" तो माझ्याकडे बघत म्हणाला. मग घाईघाईनं – "मातीचं म्हनतो मी."

दुसऱ्या खेपेला तो काळीभोर माती घेऊन आला. पोयटा नव्हेच.

"माझ्या शेतातली हाय, बाई. कोनाला देत न्हाई मी ही."

"मला कापूस लावायचा नाही, संपतराव! हिच्यात पाणी साचतं, मोसंबीची मुळं कुजतात. तुम्हांला गोळा करून दाखवला होता ना?"

"हिचा बी गोळा व्हतो की!"

"फुटतो का?"

त्यानं गोळा केला, टोचला. गोळा ढिम्म. पुन्हा टोचला. मला हसू येत होतं, पण हसायचं नाही असं मी ठरवलं होतं… तेवढ्यात मागून कचकच आवाज आला.

जू उतरवलेला त्याचा बैल अंगणात उभा होता. तोंडात माझं कलम होतं.

पानं गेली. शेंडा गेला. बोटभर खुंट उरला.

मी ओरडले नाही. खाली बसून खुंट हातात घेतला. संपतचा चेहरा त्या मातीसारखाच झाला.

"दुसरं आनतो, बाई. पैठनच्या नर्सरीत जातो. आत्ता जातो…"

"दुसरं नको."

डोळा बांधला होता तो सांधा मी पुसून पाहिला. तो शाबूत होता, वर मोसंबीचं थोडंसं लाकूडही होतं. सांध्याच्या वरून फुटलं तर मोसंबी. खालून फुटलं तर नुसती जंबेरी.

दुसऱ्या दिवशी पहाटेच गाडी वाजली. बैलाच्या तोंडाला मुसकं, आणि तो बांधला थेट गिरिजाबाईंच्या कडुलिंबाला. संपतनं ओली मूठ माझ्यासमोर उघडली. गोळा. टोचलं. अलगद फुटला. पोयटा चाळूनसुद्धा आणला होता.

"बैलाला शिक्षा केली, मालकाचं काय?" गिरिजाबाई कुंपणावरून म्हणाल्या.

खुंट लावला, वर पळसाच्या फांद्यांची सावली केली. मग दर बाजाराच्या दिवशी फाटक वाजू लागलं.

"फुटलं का, बाई?"

"नाही."

"पानी घालू?"

"कालच घातलंय. मुळं बुडवायची आहेत का?"

तरी तो बसायचाच. चहा घ्यायचा, मुरमातले दगड वेचून कडेला रचायचा. माझी चिडचिड व्हायची. एका बाजाराला तो आला नाही, तेव्हा ती जास्त झाली – याचं कारण मी शोधलं नाही.

आषाढात तो फाटकातूनच ओरडला, "फुटलं! बाई, फुटलं!"

मी वाकून पाहिलं आणि तो कोंब नखानं खुडून टाकला.

"अहो! हिरवागार व्हता की!"

"सांध्याच्या खालून होता. रानटी."

त्यानं खुडलेला कोंब उचलला. "मंग मी बी खालचाच," हळूच म्हणाला. "तुम्ही बी.एस्सी. मी मॅट्रिक नापास, गाडीवाला…"

"संपतराव, वनस्पतिशास्त्र माझा विषय आहे. त्यात तुम्ही पडू नका." आवाज जरा चढलाच. "जंबेरीच्या मुळाशिवाय मोसंबी या मुरमात टिकत नाही. मी ती उपटून फेकली का?"

तो बघत राहिला. समजलं की नाही, कळेना. तो गाडी जुंपून निघून गेला.

श्रावणात झड लागली. गल्लीतल्या घराघरांत गळतीखाली पातेली मांडलेली. गिरिजाबाई तर उशी घेऊन माझ्याकडे झोपायला आल्या. माझ्या घरात एक थेंब नव्हता. रात्रभर मी वरचा पाऊस ऐकत होते आणि त्या पांढऱ्या मातीवर चिडायला कारण सापडत नव्हतं.

बाजाराच्या दिवशी तो डोक्यावर पोतं घेऊन, भिजत आला.

"फुटलं का?"

"स्वतः बघा."

तो चिखलात उकिडवा बसला. सांध्याच्या वर, मुगाच्या दाण्याएवढं, पोपटी…

"वरून! बाई, वरून फुटलं!" त्याचे डोळे भरले. मग उठून हात पुसत म्हणाला, "मंग… आता माझं हितलं काम संपलं."

"माळवद गळतंय," मी म्हणाले.

तो दचकला. तसाच आत गेला, तुळया न्याहाळल्या, भिंती चाचपल्या. बाहेर आला. "कुठं? एक थेंब बी न्हाई, बाई. शपथ!"

"संपतराव, तुम्हांला कुठलीच गोष्ट पहिल्या खेपेला नीट का कळत नाही हो?"

कुंपणापलीकडे गिरिजाबाईंना खोकला आला. संपतनं छपराकडे पाहिलं, कोंबाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. कान लाल झाले.

"मंग… आईला घेऊन येऊ का? बोलनी करायला?"

"या," मी म्हणाले. "बैल घरी ठेवा."