प्रलंबित : ७

अडचण : पाककृतीखालचं ‘छापा’ बटण दाबलं की ‘पान सापडलं नाही’ असं येतं.
घाई आहे का : हो. सोमवारी हळद आहे.

मदतीच्या ग्रुपवर एवढंच टाकलं होतं. खाली नाव, चारुलता, आणि जळगावचा नंबर. दहा मिनिटांत धुळ्याहून फोन.

“मी योगराज. हळदीला छपाई कशाची?”

“माझीच हळद. चाळीसगावला सासरी वही न्यायचीय. माझ्या बेचाळीस पाककृतींची.”

“अभिनंदन,” तो म्हणाला.

तपासणी १ : ब्लॉग कुठे आहे?

माझ्या वडिलांच्या, नानांच्या केळीच्या धंद्याची साइट. तिच्यातल्या एका फोल्डरात.

“म्हणजे तुम्ही आतल्या खोलीत, आणि छपाईचा प्लगइन बाहेर ओट्यावर जाऊन ओरडतोय. तिथे केळीवाले बसलेत.”

मी हसले. “केळीवाल्यांना नावं ठेवू नका हं.”

“तुमच्या भरितालाही कधी ठेवली नाहीत. फक्त, वांगी भाजायला कपाशीच्या काट्या तिसऱ्या मजल्यावर पेटवायच्या कुठे?”

“तुम्ही... वाचता माझं?”

“सेटिंगमध्ये जा. पत्त्यापुढे फोल्डरचं नाव जोडा.”

जोडलं. प्रिंटर घरघरला.

तपासणी २ : “आणि ‘मी करून पाहिलं’ हे बटण?” मी विचारलं. “दोन वर्षांत तिथे कुणी एक ओळ लिहिली नाही. इतकं वाईट रांधत नाही मी.”

“कुणीच नाही?”

“कुणीच.”

“ते... राहू द्या.”

पण तिथे लिहिलेलंही ओट्यावरच जात असणार, हे मला आता कळलं होतं. नानांच्या साइटचं पॅनेल उघडलं. ते कधी कुणी उघडतच नाही.

प्रलंबित : ७. सातही निरोपांवर एकच नाव. योगराज, धुळे.

— भरीत केलं. मिरची जास्त झाली, रडलो. दोष तुमचा नाही.
— डुबुकवडे रश्श्यात फुटले. आमटी म्हणून खाल्ले.

सातवा, दीड वर्षापूर्वीचा :
— रविवारी जळगावला येऊ का? भेटाल? उत्तर आलं नाही तर समजेन.

“वाचलेत?”

“हो.”

“मला दरवेळी ‘धन्यवाद, पोचलं’ असं दिसायचं.”

“मला एकही नाही...”

“आज कळलं,” तो म्हणाला. “मी आपला समजलो होतो — चांगलं दीड वर्ष.”

बाहेरून अक्काची हाक आली, “चारू, बांगड्यावाली उनी! बठ्ठ्या थांबेल शेत!” बांगड्यावाली आली होती, सगळ्या माझ्यासाठी खोळंबल्या होत्या.

चाळीसगावचा मुलगा चांगला आहे, असं त्याला सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही.

“पुसून टाका,” तो म्हणाला. “सातांवर खुणा करायच्या, एक बटण दाबायचं.”

सहा निरोप मी आपापल्या पाककृतीखाली हलवले. सातव्याला उत्तर लिहिलं : ‘मिळालं असतं तर “या” म्हटलं असतं.’

पडद्यावर आलं : ‘धन्यवाद, पोचलं.’

“पोचलं का?” मी विचारलं.

“पोचलं,” तो म्हणाला.

फोन ठेवल्यावर भरिताचं पान पुन्हा छापलं. खाली बारीक अक्षरात — मिरची जास्त झाली, रडलो. ते वहीत लावलं, हात धुतले आणि बांगड्या भरायला बाहेर गेले.

स्थिती : अडचण सुटली.