दुसरी हणते

वनजाच्या त्या पत्राला पद्मनाभनं उत्तर दिलंच नाही. म्हणजे मनातल्या मनात कितीदा तरी दिलं… पण कळफलकावर बोटं ठेवली की प्रत्येक शब्द पोकळ वाटायचा.

ओळख झाली ती बंगळुरात, बसवनगुडीतल्या एका कॉलेजात. रविवारी तिथं सर्व्हर सांभाळणारी मंडळी जमायची आणि आपापली सॉफ्टवेअरची साधनं एकमेकांना दाखवायची. लिहिलं ते सगळ्यांसाठी खुलं ठेवायचं. कुणाला चूक दिसली तर त्यानं ती दुरुस्त करून पाठवायची, आणि मूळ लिहिणाऱ्यानं ती मंजूर की नाही ते कळवायचं. रीतच होती तशी.

पद्मनाभनंही एक छोटंसं साधन लिहिलं होतं. सर्व्हर बंद पडला की मोबाइलवर निरोप धाडणारं. नाव ठेवलं होतं ‘हणते’. कानडीत पणतीला म्हणतात तसं. त्याबद्दल तो खाली मान घालून चार वाक्यं बोलला आणि थेट बाहेरच्या दर्शिनीत, उभ्यानं खायच्या हॉटेलात, जाऊन दडला. रस्त्यावर गुलाबी फुलांचा सडा पडला होता.

“हणतेवाले तुम्हीच ना?” मागोमाग आलेल्या वनजानं विचारलं. “ काल तुमच्या कृपेनं मी फार शांत झोपले.”

त्याचा चेहरा खुलला. “निरोप वेळेवर आला?”

“आलाच नाही! सर्व्हर मेला, आणि तुमची हणतेही त्याच सर्व्हरवर. राखणदाराला आत कोंडून बाहेरून कुलूप लावलंत की हो!”

त्याचे कान तापले. “मी… मी ते काढूनच टाकतो.”

“अय्यो! चूक दाखवली की पणतीच फोडता? कॉफी घेणार?”

“माझी… झाली.”

“मग बाय-टू. अर्धी तरी घ्या.” एका कॉफीचे दोन पेले झाले. “आणि कॉफी वाटून घेतलेल्या माणसाला मी अहो-जाहो करत नाही. पद्दू म्हणू?”

त्यानं मान हलवली. हो की नाही, ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

मग कितीतरी रविवार बाय-टू झाले. ओतायची तीच. त्याच्या पेल्यात नेहमी थोडी जास्त.

“तुझ्या पेल्यात कमी आहे,” तो एकदा धीर करून म्हणाला.

“दिसतं ना? मग कधीतरी तोंडानं बोल की काही!”

तो हसला… आणि पेला तोंडाला लावला.

अशातच तिची दुरुस्ती आली. सोबत पत्र.

‘पद्दू, एका हणतेनं भागत नाही. मी दोन केल्यात. दोन मशीनवर बसतात, एकमेकींना हाक मारतात. एक गप्प झाली की दुसरी सांगते. माझी आजपासून तुझ्या मशीनला हाक मारतेय. तुझी लावायची की नाही, तू ठरव. मला हैदराबादची नोकरी आलीय. घेऊ की नको, तेही तूच सांग.’

त्यानं तिचं लिखाण उघडलं. त्याच्यापेक्षा कितीतरी नेटकं. याला मंजूर म्हणणारा मी कोण? आधी आपलं काम जरा बरं करू, मग लिहू… तो बरं करत राहिला. ती हैदराबादला गेली.

केस पिकले. मोठमोठी साधनं आली, हणतेला कुणी विचारेना. परवा कळलं, ती जिथं ठेवली होती ती साइटच या शनिवारी बंद होतेय. पत्रासकट सगळं पुसलं जाणार.

आवराआवर करताना त्यानं घरातल्या जुन्या मशीनच्या नोंदी चाळल्या. थोड्याथोड्या वेळानं कुणीतरी दार वाजवून जात होतं. ही त्याला इंटरनेटवरची भटकी वर्दळ वाटायची. आज पहिल्यांदा त्यानं नाव वाचलं.

हणते-दोन. शेवटची हाक — आत्ताची.

विसरून चालू राहिलं असेल, यंत्रच ते… त्यानं स्वतःला बजावलं. आणि एकदम आठवलं. गेल्या पावसाळ्यात घरात पाणी शिरून हे मशीन बंद पडलं होतं. तासाभरातच एक फोन आला होता. बाईचा आवाज.

“घरी सगळं ठीक आहे ना?”

“ठीक आहे. कोण हवंय आपल्याला?”

पलीकडून फोन बंद. राँग नंबर म्हणून तो विसरूनही गेला होता. एक गप्प झाली की दुसरी सांगते…

पद्मनाभनं चष्मा पुसला. या वेळी त्यानं काहीही बरं करायला घेतलं नाही. तिची दुरुस्ती होती तशी मंजूर केली. आपली हणते तिच्या मशीनकडे तोंड करून लावली. आणि खाली लिहिलं —

‘वनजा, दोन हव्यातच. माझीही आता तुला हाक मारतेय. फार उशीर केला मी… माझ्या पेल्यात जास्त असायची, ते मला रोज दिसायचं. तू मला आवडायचीस. अजूनही. तिकडे चहा बाय-टू मिळतो म्हणे. रविवारी येऊ? — पद्दू’

पुन्हा एकदा वाचावंसं वाटलं. पण वाचलं तर आपण खोडणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

त्यानं डोळे मिटले आणि उत्तर पाठवून दिलं.