पाठीवरची थाप

तुम्ही मागे लागलात म्हणून सांगतोय, मला हौस नाय. मधे कोणी हसलं तर उठून जाईन. अमोल, मोबाईल ठेव खाली.

गेल्या सालची मार्गशीर्ष अमावास्या, शुक्रवार. गागोद्याचा निकेश धाटावच्या रंगाच्या कंपनीतून रात्री अकराला सुटला. आत गेलेला सकाळी सातला. बदली माणूस आला नाय तर जागा सोडता येत नाय, म्हणून लागोपाठ दोन शिफ्टा. त्याआधीचा आख्खा आठवडा रातपाळी. दर आठवड्याला पाळी फिरते. पोटाला कळत नाय भूक कधीची, डोळ्यांना कळत नाय रात कुठली. साहेब म्हणाला, इथंच पड. पण घरी पोर तापलेली, मनस्वी, आणि तिचं औषध ह्याच्या खिशात. बायकोचे दोन फोन येऊन गेलेले.

पूर्वी मोटारसायकलवर त्याच्या मागे माझा थोरला पोरगा बसायचा, हिरामण, त्याच कंपनीतला. एक बोट मशीनमध्ये गेलेलं त्याचं. दोघांचा नेम होता. मागच्यानं दर पुलाला पाठीत थाप मारायची.

"निक्या, जागा हायस?"

"हाय रे."

मागच्यानं झोपायचं नाय. पावसाळ्यात हिरामणला अशीच डबल पडली. निकेश त्याच्यासाठी थांबला नाय. हिरामण कुणाची तरी गाडी मागून एकटा निघाला. सुकेळी खिंडीत डोळा लागला, ट्रेलरखाली गेला.

तर, कोलाड मागे पडलं. थंडी कडक. रस्त्यावरचा पांढरा पट्टा एकाचे दोन दिसायला लागला.

पहिला पूल. पाठीत थाप.

त्याला वाटलं भास. झोप तुंबली की माणसाला काय वाटेल ते वाटतं.

दुसरा पूल. थाप.

"निक्या, जागा हायस?"

आरशात कोणी नाय. पण गाडी मागे दबलेली.

"हाय रे..."

खिंड लागली. थाप नाय. आवाज नाय.

कंबरेला हात आले. गार.

मग खांद्यावर डोकं टेकलं. जड. झोपेतल्या माणसाचं असतं तसं...

"आता मला झोपू दे. तू जागा रहा."

निकेश रडत गाडी चालवत राहिला.

दारात उतरला तेव्हा मागची सीट रिकामी. पोरीला औषध मिळालं. बायकोनं त्यानं अंगातून काढलेला स्वेटर उचलला, तर पाठीवर पिवळा पंजा. अंगठा धरून चार बोटं.

स्वेटर माझ्याकडे हाय. दहादा धुतला, डाग जात नाय.

दोन्ही वेळा बदलीला आला नाय तो एकच माणूस. रोज माझ्या दारावरून जातो, मान खाली घालून. चुकलं म्हणून एक शब्द नाय.

काळुराम त्याचं नाव.