तुमच्या दोन, माझ्या चार

"माफ करा, पण... तुमच्याकडे दोनच आहेत का?"

रांगेत मागून हा प्रश्न आला तेव्हा मी आधीच वैतागलेली होते. ईस्टरच्या आदल्या दिवसांतली गर्दी, बाहेर यॉर्कशरची न संपणारी रिपरिप, आणि आमच्या ऑटलीच्या सुपरमार्केटमध्ये अख्खं गाव लोटलेलं. दिवसभर परक्या माणसांच्या डोळ्यांसमोर भिंगं सरकवत "पहिलं नीट दिसतं की दुसरं?" असं विचारून माझा घसा कोरडा पडला होता. मी डोळे तपासते, बाजारपेठेतल्या चष्म्याच्या दुकानात. संध्याकाळी मला दोन बाटल्या व्हाइट वाइन, चीज आणि शांतता एवढंच हवं होतं.

"दोनच आहेत," मी मागे न वळता म्हटलं. "का? मोजायला शिकताय?"

"नाही... म्हणजे, माझ्याकडे चार आहेत. सहा एकदम घेतल्या की पाव किंमत माफ होते. सूट मंगळवारपर्यंतच आहे. तुमच्या दोन, माझ्या चार — दोघांचंही भलं."

आता मात्र मी वळले. उंच, किंचित पोक काढलेला, केस पावसानं कपाळाला चिकटलेले. चष्म्याची काडी चिकटपट्टीनं जोडलेली होती, आणि ते पाहून माझ्या धंद्यालाच कुणी शिवी दिल्यासारखं वाटलं. त्यामागचे डोळे मात्र... असो. डोळे बघणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे, त्यात विशेष काही नाही.

"आणि मग?" मी विचारलं.

"मग काही नाही. तुम्ही तुमच्या घरी, मी माझ्या."

इतका सरळ प्रस्ताव मला आयुष्यात कुणी दिला नव्हता. मी बाटल्या त्याच्या ट्रॉलीत ठेवल्या. त्यानं त्यातली एक उचलली, चष्मा कपाळावर चढवून लेबल वाचलं आणि कुणाचं तरी दुखणं कळल्यासारखा चेहरा केला.

"सांसेर?"

"हो. काय बिघडलं?"

"बिघडलं काहीच नाही. पण हे नावाचे पैसे आहेत हो. फ्रान्समधल्या या सांसेर गावाच्या शेजारीच मनतू-सालों म्हणून गाव आहे. तीच द्राक्षं, जवळपास तीच माती. खालच्या फळीवर आहे, वाकायचा कंटाळा म्हणून कुणी बघत नाही."

"मला हीच हवीय."

"पण का?"

"कारण मला तेवढं एकच नाव माहीत आहे!"

हे जरा मोठ्यानं निघालं. रांगेतली चार माणसं हसली. गल्ल्यावरची मॉरीन हातातलं काम थांबवून म्हणाली, "पोरी, ऐक त्याचं. पाच वर्षं बघतेय मी लायनेलला. चुकीची बाटली कधी नेली नाही पठ्ठ्यानं. बायको तेवढी आणायची राहिलीय."

लायनेलचे कान लाल झाले. मी तणतणत मागे गेले, वाकले, बाटल्या बदलल्या. घरी जाऊन एक उघडली. लिंबाची साल किसल्यासारखा वास, आणि चव अशी की मी हातातलं चीज विसरले. वाइन चांगली निघाली याचाच मला जास्त राग आला.

ही सहांची सूट काही रोज नसते. दीड-दोन महिन्यांतून एकदा येते, आठवडाभर राहते आणि जाते. मे महिन्यात ती पुन्हा आली, तेव्हा मी सहज म्हणून वाइनच्या फळ्यांकडे गेले. हो, सहजच. लायनेल तिथे उभा होता. ट्रॉलीत चार बाटल्या.

"कुणाची वाट बघताय?"

"छे! शाब्ली बघत होतो."

चाळीस मिनिटं बघत होता म्हणे. मॉरीननं नंतर मला सांगितलंच.

मग तो पायंडाच पडला. माझ्या दोन, त्याच्या चार. दुसऱ्याच खेपेला आम्ही 'तुम्ही'वरून 'तू'वर आलो. तो शाळेत भूगोल शिकवायचा, म्हणून त्याला वाइन चवीनं नाही, नकाशानं कळायची. प्रसिद्ध गावाला पैसे द्यायचे नाहीत, शेजारच्या गावाला द्यायचे. अल्सासच्या उंच हिरव्या बाटलीला घाबरायचं नाही. लोक तिला गोड समजून पुढे जातात, म्हणून ती स्वस्त राहते. आणि दुकान स्वतःचं लेबल लावून जी शाब्ली विकतं, ती बनवणारे हात तिथलेच असतात, कागद तेवढा साधा.

"आणि तुझं लेबल कसलं रे?" मी एकदा विचारलं. "वर साधा कागद, आत काय?"

"आत... उघडून बघितल्याशिवाय कसं सांगणार?"

एवढं बोलून तो स्वतःच इतका घाबरला, की पुढची दहा मिनिटं त्यानं मला फ्रान्समधल्या नद्या सांगितल्या.

जूनमधला एक शुक्रवार मला अजून आठवतो. वार्फ नदीच्या काठी बाकावर बसून आम्ही कागदातले मासे आणि बटाटे खात होतो, व्हिनेगर सढळ हातानं मारलेलं, आणि कागदी पेल्यांत म्यूस्काडे नावाची वाइन. समुद्राजवळची, जराशी खारट, तळलेल्या माशासाठीच जन्माला आलेली. पाऊस भुरभुरायला लागला. त्यानं कोट काढून दोघांच्या डोक्यावर धरला. त्याचा दंड माझ्या खांद्याला टेकला. नदीचा आवाज, ओल्या लोकरीचा वास, आणि त्याचा चेहरा इतका जवळ की त्याच्या पापण्यांवरचे थेंब दिसत होते. तो माझ्याकडे बघत होता. मी श्वास रोखला...

"हेटी," तो हळूच म्हणाला.

"हं?"

"ही वाइन ऑगस्टमध्ये अजून एका पौंडानं उतरेल बघ."

मी कपाळाला हात लावला. या माणसाचं करायचं काय? ताकाला जाऊन भांडं लपवतात ते ठाऊक होतं. हा तर भांडं लपवून ताकाचे भाव सांगत होता! मला तो आवडत होता. आवडत होता म्हणजे काय, त्याच्या त्या पट्टी लावलेल्या चष्म्यासकट मला तो रोज, सूट असो नसो, समोर हवा होता. आणि त्यालाही मी आवडत होते, हे मॉरीनला कळत होतं, मासेवाल्याला कळत होतं, बाकासमोरच्या बदकांनासुद्धा कळलं असावं. पण लायनेल ओल्डरॉयड हा पूर्ण किमतीत काहीही न घेणारा माणूस. मोजेसुद्धा जानेवारीच्या सेलमध्ये. त्याची पक्की समजूत होती की थांबलं की सगळं पुन्हा येतं, आणि स्वस्त होऊन येतं.

ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. नोव्हेंबरच्या शेवटी माझ्या कंपनीनं विचारलं, पेन्झान्सला नवं दुकान उघडतंय, ते सांभाळशील का? पेन्झान्स म्हणजे देशाचं पार खालचं टोक. त्याहून पुढे जायचं तर पोहावं लागतं. माझं स्वतःचं दुकान, माझ्या हाताखाली चार माणसं, आणि खिडकीतून समुद्र. बुधवारी सकाळी अकराला ते फोन करणार होते. हो की नाही, तेवढंच.

सूट मंगळवारी संपत होती. संध्याकाळी आम्ही नेहमीसारखे रांगेत उभे होतो, ट्रॉलीत सहा बाटल्या. मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं ट्रॉलीतल्या बाटल्या एका ओळीत लावल्या.

"चांगली संधी आहे," तो म्हणाला.

"आहेच."

"मग... विचार कर नीट. घाई करू नकोस."

"लायनेल, उद्या अकरा वाजता सांगायचंय."

"ते आणखी मुदत देतील, बघ. नव्या वर्षापर्यंत थांबून बघ. अशा जागा... पुन्हा निघतात."

"आणि मी? मी पुन्हा निघते का?"

त्यानं ट्रॉली एक पाऊल पुढे ढकलली. मला काय हवं होतं? 'जाऊ नकोस' म्हणाला असता तरी चाललं असतं, 'जा' म्हणाला असता तरी. 'विचार कर' हे मला रस्त्यावरचा कुणीही सांगेल!

माझं डोकंच फिरलं. मी ट्रॉलीत हात घातला आणि माझ्या दोन बाटल्या बाहेर काढल्या.

"हेटी, काय करतेस? सहाच्या चार होतील —"

"होऊ देत. तुझ्या चार, तुझ्या तू ने. पूर्ण किमतीत!"

मॉरीननं गल्ल्यावरून दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. मी त्या दोन बाटल्या जवळच्या बिस्किटांच्या फळीवर दाणकन ठेवल्या आणि बाहेर पडले. डोळ्यांत पाणी होतं, आणि तेही रागाचं आहे असं मी स्वतःला गाडीपर्यंत बजावत राहिले. रात्री झोप कसली येते! बैल गेला आणि झोपा केला, असं या माणसाचं होणार, आणि तो बैल म्हणजे मी. हा विचार आला तेव्हा मला हसूही आलं आणि रडूही.

बुधवारी दहाची पहिली वेळ कुणाची आहे हे मी बघितलंच नव्हतं. अंधाऱ्या तपासणीच्या खोलीत शिरले, तर खुर्चीत लायनेल. चष्मा हातात, गुडघे जुळवून, दात काढायला आल्यासारखा.

"शाळा नाही?"

"सुट्टी टाकली. आठ वर्षांत पहिली." त्यानं घसा खाकरला. "डोळे तपासायचेत. पूर्ण पैसे भरलेत बाहेर."

मी त्याच्या डोळ्यांसमोर यंत्र ओढलं, भिंग बसवलं. या कामात माणसाच्या इतकं जवळ जावं लागतं की त्याचा श्वास गालाला लागतो. हजारो वेळा लागलाय. आजच्यासारखा कधी नाही.

"पहिलं," मी भिंग सरकवलं, "की दुसरं?"

"हेटी, मी काल चारच घेतल्या."

"अक्षरांकडे बघ. पहिलं की दुसरं?"

"मॉरीन म्हणाली, अजून कुठल्याही दोन उचल, सूट मिळेल. रांग थांबवून ठेवते म्हणाली. चारच्या पैशांत वर फक्त अर्ध्या बाटलीच्या किमतीची भर घातली असती, तर सहा घरी आल्या असत्या. हिशेब अगदी सोपा आहे. सातवीतल्या पोरालाही येईल."

माझा हात भिंगावर थांबला.

"मग का नाही घेतल्यास?"

"कारण त्या दोन तुझ्या असतात." तो यंत्राच्या मागून बोलत होता, त्यामुळे मला फक्त त्याचे ओठ दिसत होते. "मी फळीपर्यंत गेलो. हात पुढे केला. आणि मला... जमलंच नाही. चारचे पूर्ण पैसे भरले. मॉरीननं मला दोनदा विचारलं, बरा आहेस ना म्हणून."

आता हे ज्याला कळत नाही त्याला ते कळणार नाही. कुणी गुलाब आणले असते, कुणी गुडघ्यावर बसलं असतं. लायनेल ओल्डरॉयडनं दोन जवळजवळ फुकटच्या बाटल्या फळीवर सोडल्या होत्या, माझ्यासाठी. मला त्या क्षणी तो इतका आवडला, की त्याचा गळाच दाबावासा वाटला.

"मग काल बोलायला काय झालं होतं?" मी ओरडलेच. "आठ महिने! आठ महिने मी तुझ्या तोंडाकडे बघतेय, मूर्खा!"

"मला वाटलं... माझ्यासाठी कुणी एवढी नोकरी सोडावी, इतकी काही माझी किंमत नाही."

"किंमत गिऱ्हाईक ठरवतं, लायनेल. तू कोण ठरवणारा? आणि नोकरी सोडायला सांगितलंय कुणी?"

"तेच म्हणतोय मी." त्यानं यंत्र बाजूला सारलं. चष्म्याशिवाय त्याला मी धूसरच दिसत असणार, तरी त्यानं नजर हलवली नाही. "पेन्झान्सला दोन शाळा आहेत. एकीला भूगोलाचा मास्तर हवाय. अर्ज मी सकाळीच धाडला. ते घेतील की नाही, माहीत नाही. न घेतलं तरी येतो. काहीतरी करीन. मासे विकीन."

"थांबून बघणार नाहीस? मी स्वस्त होते का ते?"

"नाही," तो म्हणाला. "नको."

बाहेर टेबलावरचा फोन वाजला. अकराला अजून बराच वेळ होता, पण मुख्य कचेरीतल्या लोकांना आमच्या लायनेलसारखी वाट बघायची सवय नसावी. मी दार अर्धवट उघडून रिसीव्हर उचलला, "हो, येते पेन्झान्सला," एवढंच म्हटलं आणि ठेवून दिला.

मग खोलीत परत आले आणि त्यालाही हो म्हटलं. त्यानं अजून काही विचारलं नव्हतं. पण त्याच्या विचारण्याची वाट बघत बसले असते, तर आम्ही दोघं म्हातारे झालो असतो.

"पण मी अजून नीट..." त्यानं सुरुवात केली.

"गप्प बस," मी म्हटलं, दार लावून घेतलं, आणि दिवा लावला नाही.